टिंबाला टेकू

रुग्णालयाच्या भिंतीवरचा बाण वर दाखवू नये. वर म्हणजे सरळ, हे आपल्याला कळतं. घाबरलेल्या माणसाला वर म्हणजे वरच वाटतं.

एक काठी. टोकाला जुन्या सदऱ्याच्या चिंधीचा बोळा, सुतळीने आवळलेला.

बशीत कप ठेवल्याचा आवाज. ठेवला एकदाच, आवाज मात्र पुष्कळ.

दतवैद्य.

मेल्यावर खेळ तुम्हाला तुमचं मरण पुन्हा दाखवतो. मारणाऱ्याच्या डोळ्यांनी.

"हात आहेत की नाहीत?"

हे शेवटचं, भिंतीतून.

भिंतीतून आलेलं ते वाक्य आधी त्याला परकं वाटलं. शेजाऱ्यांचं भांडण असेल, किंवा कुठल्या तरी मालिकेतला गुंड. रविवारची दुपार होती. बंद करून घेतलेल्या गॅलरीत, इस्त्रीचं टेबल आणि कपाट यांच्या मधल्या फटीत तो कॉम्प्युटरपुढे बसला होता. डाव्या कानावर हेडफोन, उजवा कान मोकळा, कारण बायकोने हाक मारली आणि ऐकू आली नाही की पुढचे दोन दिवस ती खुणांनीच बोलते. डाव्या कानात मुनीम हसत होता, मुनीमाचा मेहुणा हसत होता. आणि उजव्या कानात, प्लायवूडच्या भिंतीपलीकडून, बाबांच्या खोलीतल्या टीव्हीतून, एका श्वासाच्या उशिराने त्याचा स्वतःचा आवाज आला. खेळताना तो लावतो तो, घोगरा, छाती फुगवलेला. "काय काका, टेकू काढून खेळा की! हात आहेत की नाहीत?" 'नाहीत'वरचा जोर तर इतका हुबेहूब की त्याला वाटलं, कुणीतरी आपली नक्कल करतंय. मग भिंतीपलीकडे कुणीतरी खोकलं. तोच खोकला डाव्या कानातही आला. बापाला त्याने एकाच वेळी घरातून आणि खेळातून खोकताना ऐकलं, आणि या दोन खोकल्यांच्या मधोमध आपलं डोकं आहे एवढंच त्याला त्या क्षणी कळलं.

हे कसं झालं ते सांगायला सोपं होतं, आणि म्हणूनच कुणाला सांगता येण्यासारखं नव्हतं. खेळ बंदुकांचा. तिघातिघांच्या टोळ्या एका पडक्या शहरात उतरतात, एकमेकांना शोधून मारतात, उरेल ती टोळी जिंकते. पूर्वी कॉम्प्युटरवाले कॉम्प्युटरवाल्यांशी खेळत आणि टीव्हीला कन्सोल जोडून बसणारे आपापसात. आता मधलं कुंपण काढलं आहे. कन्सोलवर 'क्रॉसप्ले' चालू ठेवलं की सगळे एकाच मैदानात. हत्यारं मात्र सारखी नाहीत. कॉम्प्युटरवाल्याच्या हातात माउस, मनगट फिरलं की नजर फिरते. कन्सोलवाल्याच्या हातात पॅड, आणि नेम धरायला अंगठ्याखाली एक बोटभरही नसलेली दांडी. चमच्याने सुईत दोरा ओवण्यातला प्रकार. म्हणून खेळ त्यांना थोडा हात देतो. पडद्याच्या मध्यावर नेमाचं टिंब असतं, ते शत्रूजवळ आलं की जड होतं, रेंगाळतं, चिकटतं. या मदतीला जगभर जे काय म्हणत असतील ते म्हणोत, तो तिला टेकू म्हणायचा. त्याचं ऐकून मुनीम म्हणायला लागला, मुनीमाचं ऐकून मेहुणा. (मुनीम म्हणजे त्याच्या ऑफिसचे हिशेब बघणारा. मेहुणा फक्त मुनीमाचाच मेहुणा, पण सगळ्यांनी त्याला इतकं मेहुणा केलं होतं की एकदा दवाखान्यातल्या बाईनेही "मेहुणा कोण? आत या" असं पुकारलं होतं.) ज्याच्या नावापुढे पॅडचं इवलंसं चित्र दिसेल तो टेकूवाला. "टेकूवाल्यानं मारलं रे!" असं मेहुणा ओरडायचा तेव्हा त्याच्या आवाजात एखाद्याला खुर्चीनेच लाथ मारल्याचा अपमान असायचा.

त्या दुपारी एक टेकूवाला गोदामाच्या जिन्याखाली दडला होता. एकटाच, त्याचे दोन्ही जोडीदार आधीच मेलेले. वळायचा असा, की अंगावर ओलं घोंगडं घेतलंय. जवळ गेलं की या खेळात शत्रूचाही आवाज ऐकू येतो, त्याचा माइक चालू असेल तर. याचा चालू होता. माइक बंद करता येतो हेच त्याला बहुधा ठाऊक नव्हतं. आवाज येत होता: कटकटकटकट.

"हा काय टायपिंग करतोय का?" मेहुणा म्हणाला.

"मृत्युपत्र करतोय," तो म्हणाला.

म्हणजे हाही विनोद त्याचाच. मग जिन्याखालच्याने मुनीमाला मारलं, चिकट, सरळ, एकामागोमाग एक गोळ्या, आणि मुनीम शिव्या देत बाजूला झाला, आणि त्याने स्वतः मागच्या दाराने जाऊन त्या माणसाला पाडलं. पडलेला माणूस लगेच मरत नाही. गुडघ्यांवर रांगतो, तेवढा वेळ त्याला ऐकू येतं. त्याच्यापुढे उभं राहून बसकण मारायची, उठायचं, पुन्हा बसकण मारायची, अशी एक पद्धत आहे. ती त्याने पाळली. मग वाक्य म्हटलं. मग गोळी. कोपऱ्यात बारीक अक्षरांत मेलेल्याचं नाव उमटलं. बारीक अक्षरं तपासणं हे त्याचं पोटापाण्याचं काम, आणि ही त्याने सगळ्यांत शेवटी वाचली. बाबाटीव्ही. हे नाव त्यानेच दिलेलं होतं. कन्सोल जोडताना त्याने नाव विचारलं, तो घाईत होता, बाबांचा टीव्ही, म्हणून बाबाटीव्ही.

कटकट म्हणजे पॅड. खुर्चीच्या लाकडी हातावर आपटणारं पॅड. खुर्चीचा हात, या दोन शब्दांपाशी तो बराच वेळ अडकून बसला. मुनीम कानात म्हणत होता, अरे चल, पुढची लावतो, झोपलास काय. भिंतीपलीकडे आता काहीच नव्हतं. म्हणजे होतं: टीव्हीतलं ते संगीत, जे मेल्यावर वाजतं.

बाबांचा हात हलायला लागला तो आधी सहीत. बाबा पेंटर होते. घरं रंगवणारे नव्हेत, अक्षरं रंगवणारे: दुकानांच्या पाट्या, शाळांची नावं, ट्रकांच्या पाठी, 'येथे गाडी लावू नये'. अक्षर काढताना भिंतीला हात टेकवता येत नाही, रंग ओला असतो. म्हणून डाव्या हातात ती काठी, तिचं चिंधी बांधलेलं टोक भिंतीच्या कोरड्या जागी रोवायचं आणि तिच्यावर उजवं मनगट ठेवायचं. तिला ते टेकू म्हणत. घरात तो शब्द लहानपणापासून असा पडलेला असे, जसा दुसऱ्यांच्या घरी पान्हा किंवा कात्री. टेकू कुठाय. टेकूवर पाय देऊ नको. टेकू धू. त्याच्या हातात पहिल्यांदा कुंचला दिला तेव्हा मनगटाखाली काठी नव्हती, बाबांनी आपला तळवाच धरला होता. त्याला आठवतं ते अक्षर नव्हे, तो तळवा: गरम, टर्पेंटाइनचा वास मारणारा, आणि इतका स्थिर की त्याला वाटलं, भिंतच खाली आली.

दतवैद्य. तो शाळेत होता. शिडीचा पाय धरून उभं राहायचं काम त्याचं. एका दातांच्या डॉक्टरची पाटी, निळ्यावर पांढरं. डॉक्टर स्वतः खाली येऊन बघत उभे होते आणि बाबा शिडीवरून उतरून रंग पुसत होते, आणि तो आनंदाने ओरडला, "बाबा, दतवैद्य झालं!" डॉक्टर हसले. बाबाही हसले, पण उशिरा. मग कुंचला घेऊन दोन पायऱ्या चढले, काठी खालीच राहिली होती, त्याने ती पुढे केली तर म्हणाले, "राहू दे. टिंबाला टेकू लागत नाही." आणि लांबूनच, हवेतून, एकदाच कुंचला टेकवला. गोल. कंपासने काढावा असा. त्याला तेव्हा आपण चूक शोधली याचा अभिमान वाटला होता, की टिंब पाहून बापाचा, हे आज नीट लावता येत नाही. दोन्ही एकात एक सांडलेले.

काठी पुढे खिडकीच्या पडद्याच्या दांडीसाठी गेली. तोवर पाट्या मशीन कापायला लागलं होतं, आणि तो स्वतः अशाच एका ऑफिसात लागला जिथे रुग्णालयांसाठी बाण, क्रमांक, 'शांतता राखा' आणि 'हात धुवा' कापून मिळतात. बाबांना त्याचं वाईट वाटलं नाही. "तुझे बाण चांगले असतात," ते म्हणायचे. मग थरथर आली. सहीत, मग चमच्यात, मग बशीत. व्यायाम शिकवणाऱ्या बाईने सांगितलं, बोटं चालती ठेवा, मणी ओवा. "मणी कुणासाठी ओवू? आता या वयात मला माळ कोण घालणार?" असं म्हणून बाबांनी तिला हसवलं आणि घरी येऊन मणी मांजरापुढे टाकले. तेव्हा त्याने कन्सोल आणला. पॅड हातात दिलं, दांडी दाखवली, पडद्यावरचं टिंब दाखवलं. ते थरथरत होतं. बाबांनी पॅड खाली ठेवायला घेतलं. तो म्हणाला, "थांबा, बाबा. तुमचा टेकू असायचा ना, तसाच याच्यातही असतो. शत्रूजवळ न्या बघू." बाबांनी नेलं. टिंब सरावाच्या मैदानातल्या फळीच्या माणसाजवळ गेलं, जड झालं, थांबलं. हात हलत होता आणि टिंब थांबलं होतं.

"आयला," बाबा म्हणाले. "थांबलं की."

असा तो शब्द त्यांना परत दिलेला होता. प्रेमाने. आणि तोच शब्द भिंतीच्या या बाजूला नेऊन, मुनीम आणि मेहुण्याला चाखायला देऊन, त्याने त्याची शिवी केली. किती दिवसांत, कोणत्या दिवशी, ते सांगता येत नाही. दूध नासतं तसंच ते, नासत असताना कुणी पाहत नाही. पण जगात त्या मदतीला टेकू म्हणणारं घर एकच होतं. आवाज घोगरा करता येतो. शब्द घोगरा कसा करणार?

आणि बाबांनी काय पाहिलं असेल. मेल्यावर खेळ दाखवतो. टीव्हीवर त्यांना दिसला असेल गोदामाचा मागचा दरवाजा, त्यातून झरझर आत जाणारी कुणाची तरी तरणी, सरावलेली नजर. जिन्याखाली एक बावळट शिपाई, पाठमोरा, ज्या बाजूने कुणी येणार नाही तिकडे बंदूक रोखून बसलेला. हा मी, असं त्यांना कळायला वेळ लागला असेल. मग तो शिपाई गुडघ्यांवर. मग ती नजर वर-खाली, वर-खाली, उठाबशा. त्यांना वाटलं असेल, पडद्यात बिघाड आहे. मुलाच्या डोळ्यांनी स्वतःकडे पाहायची सोय कुठल्याच बापाला नसते. बाबांना ती मिळाली, आणि एवढ्या मोठ्या टीव्हीवर.

त्याने हेडफोन काढून ठेवला आणि स्वयंपाकघरात गेला. बायको काकडी चिरत होती.

"काय रे? गोळी लागल्यासारखं तोंड झालंय."

"बाबांच्या खेळात तू काही सेटिंग बदललंस?"

"मी? मला त्या रिमोटने टीव्ही बंद करता येत नाही अजून."

"क्रॉसप्ले मी बंद ठेवलं होतं. माउसवाले त्यांना भेटू नयेत म्हणून. ते चालू झालंय."

"मग झालं असेल आपोआप. तुमचं ते अपडेट."

"हां. अपडेटनेच झालं असेल."

"त्यात एवढं काय पण?"

"काही नाही."

"तुझं 'काही नाही' फार लांबलचक असतं," ती म्हणाली. "आणि दोन्ही कानांवर ते चढवलेलं असलं की 'हो हो' फार आखूड. मागे मी विचारलं, सोफा विकून टाकू का, म्हणालास, हो हो. विकला असता तर बसला असतास जमिनीवर."

अपडेट. या शब्दाला तो लोंबकळला. कुणीतरी दूर, न पाहिलेल्या इमारतीत, न पाहिलेल्या माणसाने एक बटण दाबलं आणि कुंपण उघडलं. दोष असलाच तर तिथला. खेळ जवळजवळच्यांना एकत्र टाकतो, म्हणजे आवाज उशिरा पोचू नये. आणि भिंतीपलीकडच्यापेक्षा जवळ कोण. हे सगळं बरोबर होतं.  कुंपण उघडं राहिलं हा अपघात. आत शिरून तो काय बोलला, हा अपघात नव्हता. ते वाक्य त्याने आधीही म्हटलं होतं, कितीतरी पॅडवाल्यांना, कितीतरी खोल्यांतल्या कुणाकुणाच्या खुर्च्यांना. प्रत्येक खोलीत कुणीतरी खोकलं असेल. त्याला फक्त याच खोलीची भिंत लागून होती.

चहाला बाबा बाहेर आले. रोजच्यासारखे, भिंतीला बोटं लावत. "अर्धाच दे गं पोरी, अर्धा हात पिऊन टाकतो," हा त्यांचा रोजचा विनोद. बायको रोजच्यासारखी हसली. कप बशीत बसेपर्यंत आवाज होत राहिला आणि तो टेबलावरच्या लाकडातली रेष बघत राहिला. कुठल्याही क्षणी बाबा बोलतील. बोलावं. 'तूच होतास ना रे?' एवढं म्हणाले असते तर त्याने टेबलावर डोकं टेकवलं असतं. बाबांनी बिस्कीट बुडवलं, ते तुटलं, चमच्याने काढायला गेले, जमलं नाही, राहू दिलं. मग त्याच्याकडे पाहून म्हणाले, "घसा बसलाय का तुझा?"

"नाही. का?"

"नाही, असंच. मध दे गं याला कोमट पाण्यातून."

बायकोने खरंच दिलं. त्याने ते उभ्याने प्यायलं, सगळं, तळाशी राहिलेला मध बोटाने चाटला. बाबा समाधानाने बघत होते. की नुसतेच बघत होते. माणसाच्या चेहऱ्याखाली बारीक अक्षरांत काही लिहिलेलं असतं तर बरं झालं असतं.

सोमवारी ऑफिसात 'हात धुवा' होतं. एका नव्या रुग्णालयाच्या सगळ्या न्हाणीघरांसाठी. पडद्यावर एक हात, पाच बोटं, वरून पाण्याचे थेंब. त्याचं काम बोटांमधली फट बघायचं: फार बारीक ठेवली तर मशीन कापताना बोटं चिकटतात. तो हात त्याने मोठा केला. आणखी मोठा केला. पडद्यावर एक बोट उरलं, मग बोटाची कड. सरळ, गुळगुळीत, निरोगी. अशी कड जगात कुणाच्याच हाताला नसते. मुनीम खुर्ची घसटत आला, चाकांवरच, उठायचा कंटाळा म्हणून.

"काय टेकू! काल मधेच पळालास?"

"काम होतं."

"मेहुणा म्हणतो, आपल्या टोळीचं नाव 'टेकूमुक्त' ठेवू. तो काका काय कावला असेल रे! मृत्युपत्र म्हणे! मी घरी बायकोला सांगितलं, ती पण हसली."

"तो शब्द नको आता."

"कुठला? टेकू? का? तुझाच तर शब्द."

"माझा नाही."

"मग कुणाचा?"

पडद्यावर ती कड होती. तो म्हणाला, "एका पेंटरचा. ओळखीचा होता एक."

होता. ओळखीचा. मुनीम म्हणाला, "बघ बाबा, तुझी मर्जी," आणि तसाच घसटत गेला. त्या 'बाबा'नेही त्याला चावलं. नुसतं बोलण्यातलं 'बाबा', कुणालाही म्हणतात. काल जे बोलला ते न ओळखता बोलला, असं म्हणायला जागा होती. आज त्याने ओळखून बापाला ओळखीचा केलं, आणि वर भूतकाळात टाकलं. दुपारभर तो ते वाक्य दुरुस्त करत बसला. माझ्या वडलांचा शब्द आहे तो. ते पाट्या रंगवायचे. त्यांचा हात हलतो. काल जिन्याखाली ते होते. चार सरळ वाक्यं, शाळेतल्या पोराला येतील अशी. संध्याकाळी निघताना मुनीम म्हणाला, "चल, भेटू तिथे," आणि तो म्हणाला, "हो."

घरी आला तर बाबांच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. खुर्ची, खुर्चीच्या वर बाबांचं डोकं, त्याच्या पलीकडे टीव्ही. सरावाचं मैदान लावलेलं: समोर लाकडी फळ्यांची माणसं, ती हलत नाहीत, मारत नाहीत. आणि टिंब. त्याला आधी वाटलं, टीव्ही गेला. टिंब पडद्यावर असं भिरभिरत होतं, जशी बंद काचेवर माशी. फळीच्या डोक्यावर, डोक्याबाहेर, खांद्यावर, आकाशात. गोळी सुटायची आणि मागच्या भिंतीतून माती उडायची. कटकटकटकट. पुन्हा गोळी. पुन्हा माती. मग त्याला कळलं, टिंब कुठेच जड होत नाहीये.

"बाबा, हे काय?"

"काढला," बाबा म्हणाले. वळले नाहीत. "सापडलं ते बटण. फार आत ठेवलंय लेकाच्यांनी."

"पण काढला कशाला?"

"बघू म्हटलं, जमतं का. टिंबाला कसला टेकू."

"असू द्या हो. सगळे वापरतात. त्यात लबाडी नसते काही."

"लबाडी कोण म्हणतंय?" गोळी. माती. "काल तिथे कुणीतरी म्हणालं, काढून खेळा. बरोबरच म्हणालं असेल. त्यांना तरी कुठे असतो?"

तो दारात उभा होता. हातात ऑफिसची पिशवी, पायात अजून बूट. आता, असं त्याच्या आतलं काहीतरी म्हणालं. तो मी होतो. एवढंच तर वाक्य. जिभेवर ते तयार होतं, त्याची चव लागत होती, कालच्या मधासारखी, तळाशी बसलेली.

"आवाज काही ओळखीचा नव्हता," बाबा म्हणाले.

त्याने विचारलं नव्हतं. कुणीच विचारलं नव्हतं.

वाक्य जिभेवरून खाली गेलं. आता ते म्हणणं म्हणजे बाबांना खोटं पाडणं. दतवैद्य झालं, असं पुन्हा एकदा शिडीखालून ओरडणं. बाबांनी त्याच्यासाठी एक जागा करून दिली होती, अंगभर पुरेल एवढी, आणि तिच्यात त्याला उभं राहावं लागणार होतं. किती दिवस? बाबा आहेत तोवर. नंतरही.

"चहा टाकू?" तो म्हणाला.

"झाला मघाशीच. ये, बस. तू दाखव बरं जरा."

तो पलंगाच्या कडेला बसला. पॅड हातात घेतलं. गरम होतं. त्याने पॅडवर कधी हे खेळलं नव्हतं, खेळायची गरजच काय. अंगठा ढकलला तर आकाश आलं. मागे घेतला तर स्वतःचे बूट. फळी शोधायला गेला तर टिंब तिच्यावरून घसरून पार गोदामापर्यंत गेलं. त्याने ते परत ओढलं, ते दुसऱ्या बाजूला गेलं. गोळी झाडली, कुठे गेली तेही कळलं नाही. तो थांबला आणि वाट बघू लागला. आता बाबा म्हणतील ते. म्हणायचा हक्क आहे, जागा आहे, आणि एवढी आयती संधी, कुणीही म्हणेल. हात आहेत की नाहीत? हसत म्हणाले असते तरी चाललं असतं. मान न हलवता, टिंबाकडे बघत, तो त्या वाक्यासाठी कान उघडे ठेवून बसला, दोन्ही.

"होईल, होईल," बाबा म्हणाले. "नवीन आहे ना हाताला. दमानं."

आणि खुर्चीतून पुढे झुकून त्यांनी आपला तळवा त्याच्या मनगटाखाली धरला. सवयीने. विचार करून नव्हे. विचार केला असता तर केलं नसतं. तळवा हलत होता. ती थरथर त्याच्या मनगटात आली, मनगटातून अंगठ्यात, अंगठ्यातून दांडीत, आणि पडद्यावर टिंब पुन्हा भिरभिरायला लागलं, या वेळी दोघांचं मिळून. काढा हात, असं त्याला म्हणता येत नव्हतं. राहू द्या, असंही. पॅड खुर्चीच्या हाताला लागत नव्हतं तरी त्याला कटकट ऐकू येत होती. ती त्याचं घड्याळ पॅडवर आपटत असल्याची होती.

"दाब आता," बाबा म्हणाले.

त्याने दाबलं. फळीच्या जरा वर, भिंतीतून माती उडाली.

"जवळ होती," बाबा म्हणाले.

रविवारी सकाळी बाबा गॅलरीच्या दारात येऊन म्हणाले होते, "ते क्रॉसप्ले का काय ते चालू केलं, तर तू मला तिथे भेटशील का रे?" आणि दोन्ही कानांवरचा हेडफोन न काढता, पडद्यावरची नजर न हलवता, तो म्हणाला होता, "हो हो."